गुहेतला पाऊस गावाला कसा सांगू?

पत्र

आदरणीय बाई,

मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका खेड्यातली. सध्या राज्याबाहेर एका संस्थेत पीएच.डी. करते. विषय पुराहवामान. चुनखडीच्या गुहांमध्ये थेंबाथेंबाने वाढलेले दगडी स्तंभ असतात. त्यांच्या थरांवरून जुन्या काळी पाऊस कधी चांगला होता, कधी रुसला होता ते शोधायचं, हे माझं काम. यंदा विज्ञान दिनाला माझ्याच जुन्या शाळेने बोलावलं. पोरं होती, शिक्षक होते, मागे गावातली मोठी माणसंही येऊन बसली होती. मी चाळीस स्लाइड दाखवल्या. दहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू झाली. आयसोटोपला मराठीत काय म्हणतात तेच मला ऐनवेळी आठवेना. शेवटी एक आजोबा उठले नि म्हणाले, "बाळा, ते समदं खरं, पण यंदा पाऊस हाय का न्हाय तेवढं सांग." मी म्हटलं, ते आमचं काम नाही. सगळे हसले. दुसऱ्या एकांनी विचारलं, "हवामान आधीपासनं बदलतच आलंय असं तूच म्हणतीस, मग आत्ताच एवढी ओरड कशापायी?" त्यांना मी काहीतरी अडखळत बोलले. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "तो दगड तुम्ही कापला, मग गुहेत तो परत येतो का?" तेवढ्यात घंटा झाली.

गाइडना हे सांगितलं, तर म्हणाले, यात वेळ घालवू नकोस, पेपर लिही. मला मात्र राहून राहून वाटतंय की गाव माझी वाट बघत बसलं आणि मी रिकाम्या हाताने गेले. हे काम माझ्याच्याने होईल का? की ज्यांना बोलता येतं त्यांनी बोलावं आणि मी प्रयोगशाळेतच बसावं?

— एक संशोधक, सोलापूर जिल्हा

उत्तर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चाळीस स्लाइड फसल्या याचं तुला वाईट वाटतंय, माझा जीव मात्र त्या तीन प्रश्नांत अडकला. भूशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर सगळी सभा खाली मान घालते आणि आभारप्रदर्शन सुरू होतं, हे मी कितीदा पाहिलंय म्हणून सांगू. तुझ्या गावाने तुला प्रश्न विचारले, आणि तिन्ही प्रश्न तुझ्या शास्त्राच्या मुळाशी जाणारे आहेत. तेव्हा सभा वाया गेली हे आधी मनातून काढून टाक.

पण तू "रिकाम्या हाताने" गेलीस हे तूच लिहिलंयस, आणि ते अक्षरशः खरं आहे. तुझ्या हातात दगड नव्हता. तू निष्कर्ष घेऊन गेलीस आणि पुरावा मागे ठेवलास. "हजार वर्षांपूर्वी अमुक काळात पाऊस कमी होता" असं कुणी सांगितलं, तर ऐकणाऱ्याने एक तर विश्वास ठेवायचा नाहीतर सोडून द्यायचं. दगड वाचायचा कसा हे त्याला दाखवलंस, तर तो स्वतः डोकावून बघतो, शंका काढतो, मान हलवतो. पुराहवामान लोकांना सांगायचं म्हणजे माझ्या मते एवढंच: आम्हाला हे कळलं कसं, ते समोरच्याच्या हाताने करून दाखवायचं. बाकीचं मागून येतं.

तुझ्या शाळेत हे कसं करता येईल? बंबापासून सुरुवात कर.

तुमच्याकडे बोअरचं पाणी जड. बंबाच्या आतून, पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाला पांढरा चिवट थर चढतो. घरोघरी तो ठोकून काढतात. त्याची एक खपली घे आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली तुटलेल्या कडेने बघ. बऱ्याचदा थरावर थर बसलेले दिसतात, जुन्या वहीची पानं कडेने दिसावीत तसे. मग खपलीवर लिंबाचे दोन थेंब पिळ. बारीक बुडबुडे येतात आणि कान जवळ नेला तर चरचर ऐकू येते. मुलांना हे बघू दे, ऐकू दे, त्यांच्या बोटांना तो खरखरीतपणा कळू दे. हा दृष्टांत माझा नाही बरं का. मी एका शाळेत चुनखडीवर आम्लाचा थेंब टाकून दाखवत होते, तेव्हा सातवीतला एक मुलगा म्हणाला, "आमची आई बंब लिंबाने घासते, तवाबी असाच फेस येतो." त्या वाक्याने माझं पुढचं सगळं शिकवणं बदललं. तोवर मी गुहा म्हणजे काहीतरी दूरची, अद्भुत जागा म्हणून सांगत होते.

आता त्या खपलीवरून गुहेत जाता येतं. पाऊस मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पाणी किंचित आंबट होतं. ते खालची चुनखडी विरघळवत गुहेच्या छतापर्यंत पोचतं. थेंब गुहेच्या हवेत लोंबकळला की तो वायू निसटतो आणि विरघळलेला चुना थेंब पडेल तिथे बसतो. बंबात हेच काम विस्तव करतो: पाणी तापलं, वायू गेला, चुना उरला. गुहेत विस्तव नाही, म्हणून घाईही नाही. बहुतेक स्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहूनही कमी वाढतात. भूगोलाच्या पुस्तकात यालाच लवणस्तंभ म्हटलंय. तो शब्द जरूर सांग, कारण परीक्षेत तोच येतो. पण हा मिठाचा खांब नाही, चुन्याचा आहे, हेही लगेच सांग. "लवण" ऐकून चाटून बघायला निघालेली मुलं मी पाहिली आहेत.

आता तुझा आयसोटोप. पुस्तकी शब्द समस्थानिक, पण तो आठवला असता तरी फारसा उपयोग झाला नसता. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना वजनाप्रमाणे वेगळं होणं म्हणजे काय ते आधीच ठाऊक असतं, त्यांनी उफणणी पाहिलेली असते. वाऱ्यावर सूप धरलं की जड दाणा पायाशी पडतो, भूस लांब जातं. ऑक्सिजनचे अणूही सगळे एका वजनाचे नसतात. साधारण पाचशेत एक जड असतो. ढगातून पाणी गळताना जड ऑक्सिजनचं पाणी आधी गळतं. पाऊस जोराचा आणि लांबलेला असला, की मागून येणारं पाणी हलकं होत जातं. तेच पाणी गुहेत झिरपतं आणि त्याची खूण चुन्याच्या थरात राहते. हलका ऑक्सिजन जास्त तो थर चांगल्या पावसाचा, जड वाढला तो ओढीचा. पाचशे ज्वारीच्या दाण्यांत एक हरभरा टाकून वाडगं मुलांसमोर ठेव, आणि त्यांना सांग की तुझं यंत्र असे हरभरे मोजतं. एवढंही सांग की दगड पाऊस मिलिमीटरमध्ये सांगत नाही. कमी की जास्त एवढंच सांगतो, आणि वारा कुठून आला याचाही त्यात थोडा वाटा असतो. लोकांना हे कळतं. लपवलं तर नंतर खटकतं.

तुझ्या स्लाइडवरच्या आलेखाबद्दलही बोलते. तू तो दाखवलाच असशील, आणि बहुधा उभा अक्ष उलटा असेल, वर जास्त उणे आकडे आणि खाली कमी उणे, म्हणजे रेघ वर गेली की पाऊस जास्त. तुम्हा लोकांना त्याची इतकी सवय झालेली असते की सांगायचं राहूनच जातं. शिक्षकांनी आकडे वाचले असतील आणि मनात म्हणाले असतील, हिचं काहीतरी चुकलंय. आठवी-नववीच्या मुलांकडून आलेख कागदावर हाताने काढून घे. अमेरिकेतली नोआ ही संस्था जगभरच्या अशा नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवते, त्यातलेच पन्नास-साठ आकडे पुरेत. पेन्सिलीने बिंदू जोडताना रेघ घसरायला लागली की मुलं स्वतःच विचारतात, इथे काय झालं होतं? त्यांनी विचारेपर्यंत तू गप्प राहा. ते सगळ्यात अवघड आहे.

आता आजोबांकडे येऊ. "ते आमचं काम नाही" हे उत्तर बरोबर होतं, आणि तरी ते द्यायला नको होतं. ज्याचं अख्खं वर्ष पावसावर टांगलंय तो माणूस दुसरं काय विचारणार? त्यांना सरळ सांग की यंदाचं वेधशाळा सांगते, त्यांचा मॉन्सूनचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो. मग त्यांच्याजवळ बस आणि विचार, "आजोबा, तुम्ही पाहिलेला सगळ्यात वाईट दुष्काळ कुठला?"

ते बहात्तर म्हणतील. मिलो सांगतील, सुकडी सांगतील, खडी फोडायला गेल्याचं सांगतील. पोरं ऐकत राहतील, कारण ही गोष्ट कदाचित त्यांनी घरात कधी पूर्ण ऐकलेली नसेल. आजोबांचं बोलणं संपलं की तू बोल. त्यांची आठवण पन्नासेक वर्षांची. पाऊस मोजायला लागल्यापासूनच्या देशभरातल्या सलग नोंदी साधारण दीडशे वर्षांच्या. त्यात १८७६ ते ७८ आहे, १८९९ आहे, १९१८ आहे, १९७२ आहे. माणसं उद्ध्वस्त झाली, पण दोन-तीन वर्षांत पाऊस पुन्हा रुळावर आला. मग प्रश्न असा, की याहून लांब ओढ कधी झाली होती का?

याचं उत्तर तुझ्या दगडात आहे. छत्तीसगडमध्ये बस्तरच्या कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. तिथल्या एका स्तंभात इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांची मॉन्सूनची नोंद मिळाली आणि २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शंभरेक वर्षांत मॉन्सून पुन्हा पुन्हा दुबळा पडला, आणि एकेकदा तो दुबळेपणा वर्षानुवर्षं टिकला. आपल्याकडे १३९६ च्या सुमारास सुरू होऊन बारा वर्षं चाललेला म्हणून ज्याची आठवण राहिली, तो दुर्गादेवीचा दुष्काळ नेमका त्याच काळात बसतो. लोकांच्या आठवणीतली गोष्ट आणि बस्तरच्या अंधारात साठलेला चुना एकमेकांना दुजोरा देतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

तू मंगळवेढ्याची, तेव्हा दामाजीपंतांचं नाव तुझ्या ओठावर येणारच. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं उघडली ही कथा तिथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. त्यांचं नाव घे, पण गाठ मारू नकोस. त्या कथेतल्या दुष्काळाचं साल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं दिलेलं आढळतं, आणि "दामाजीपंतांचा दुष्काळ आम्ही दगडात शोधला" असं तुझ्या तोंडून एकदा निघालं की ते उद्या छापून येईल आणि परवा खोटं ठरेल. कथा आणि दगड शेजारी शेजारी ठेव, मधलं अंतर दिसू दे. त्यापेक्षा गावातल्या जुन्या पेवांबद्दल विचार. ज्वारी जमिनीखाली वर्षं-दोन वर्षं टिकवून ठेवायची सोय माणसांनी का केली असेल? आजोबांना यंदाचा पाऊस कळणार नाही, पण आपण पाहिलेला सगळ्यात वाईट दुष्काळ हाच सगळ्यात वाईट असतो असं नाही, हे त्यांना कळेल. धरणं, पिकं, चारा ठरवणाऱ्या माणसांनाही तेच कळायला हवंय.

एक शंका हमखास येते: सातशे वर्षांपूर्वीचा थर हा सातशेच वर्षांपूर्वीचा, हे कशावरून? युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ताज्या थरात युरेनियम येतं, थोरियम येत नाही. पुढे युरेनियमचंच हळूहळू थोरियम होतं आणि ते ठरलेल्या गतीने होतं. किती साठलं ते मोजलं की वय कळतं, दहा-वीस वर्षं इकडे किंवा तिकडे. हे "इकडे-तिकडे" ऐकून लोक म्हणतात, म्हणजे अंदाजच की. तेव्हा त्यांना १ जूनची आठवण दे. गावातल्या निम्म्या वडीलधाऱ्यांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून असते, कारण गुरुजींनी ती तशी मांडली. तारीख खरी नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण म्हणून कुणी त्या माणसाला वीस वर्षांचा म्हणत नाही. थराचं वयही तसंच, सांगताना किती वर्षांची चूक शक्य आहे ते धरून सांगायचं.

दुसऱ्या गृहस्थांचा प्रश्न तुमच्या सगळ्या क्षेत्राला विचारला जातो, आणि तो वाकडा प्रश्न नाही. तू स्वतःच सांगितलंस की हवामान पूर्वीही बदलायचं. मग त्यांनी जे विचारलं ते विचारायलाच हवं होतं. याला तोंडी उत्तर देण्यापेक्षा सुतळीचा गुंडा घेऊन मुलांना मैदानावर काढ.

८० मीटर सुतळी मोजून घे. मैदान लहान असेल तर तीन-चार वळसे पडतील, चालेल. १ सेंटीमीटर म्हणजे १०० वर्षं. सगळी सुतळी म्हणजे ८ लाख वर्षं. अंटार्क्टिकावर डोम सी नावाच्या जागी शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटरहून खोल बर्फ कोरून काढला. त्यातल्या बुडबुड्यांमध्ये तितक्या जुन्या काळापर्यंतची हवा सापडली. एका टोकाला एक मूल उभं कर, ते "आज". तिथून अर्ध्या सेंटीमीटरवर आजोबांचा बहात्तरचा दुष्काळ. साडेतीन सेंटीमीटरवर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. सहा सेंटीमीटरच्या जरा पुढे दुर्गादेवी. मुलं इथे गुडघ्यांवर बसून एकमेकांच्या डोक्यांवर डोकी आदळतात, कारण सगळा इतिहास एका वितीत मावलेला असतो आणि मागे उरलेली सुतळी मैदानभर पसरलेली असते.

मग सांग: या सगळ्या लांबीत हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पृथ्वीची उष्णता धरून ठेवणारा वायू, दहा लाख भागांमध्ये साधारण १७० ते ३०० या पट्ट्यात वरखाली होत राहिला. शेवटचं हिमयुग ओसरताना तो सुमारे ८० भागांनी वाढला आणि त्याला सहा-सात हजार वर्षं लागली, म्हणजे सुतळीवर हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या अंतराहूनही जास्त. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे १९५८ मध्ये रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. शंभराहून जास्त भाग, सुतळीच्या सात मिलिमीटरांत. मुलांना पट्टीवर सात मिलिमीटर दाखव.

आणि त्या गृहस्थांना त्यांच्याच विहिरीचं उदाहरण दे. विहीर पूर्वीही आटायची. म्हणून यंदा आटली त्याला शेजारी पाडलेल्या चार बोअर कारणीभूत नाहीत, असं गावात कुणी म्हणेल का? उलट पूर्वी ती कशाने नि किती दिवसांत आटायची हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच यंदाचं आटणं निराळं आहे हे ओळखता येतं. पूर्वीचे बदल कशाने झाले हे पुराहवामानाने दाखवून दिलंय, म्हणून आत्ताच्या बदलामागे कोळसा नि तेल जाळणं आहे हे जास्त खात्रीने म्हणता येतं.

चुनखडीची गुहा मुलांना दाखवावीशी वाटेल, पण आपल्याकडे बहुतेक सगळा काळा पाषाण, त्यामुळे तो हट्ट सोड. मेघालयातली सोहराजवळची मावम्लू गुहा मात्र फोटोतून दाखव. तिथल्या स्तंभातल्या एका थरावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतच्या काळाला २०१८ मध्ये "मेघालयन" असं नाव मिळालं. पृथ्वीच्या कालपटावर आपल्या देशातल्या एका राज्याचं नाव आहे आणि आत्ता आपण त्याच काळात जगतोय, हे ऐकून वर्ग सरळ बसतो. सहलच न्यायची असेल तर लोणारला न्या. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा महाराष्ट्र तिकडे बघत होता. त्याच सरोवराच्या तळाच्या गाळात ११ हजार वर्षांचा पाऊस नोंदलेला आहे. गाळाच्या काही थरांत गेलुसाइट नावाचे खडे सापडतात. पाणी आटून खारं झालं की तेच तळाशी स्फटिक होऊन बसतात. त्यातला एक कोरडा काळ ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आहे, आणि मेघालयनची सुरुवात त्याच्याच पोटात येते. दगड वेगळा, जागा दीड हजाराहून जास्त किलोमीटर दूर, आणि दोघांची साक्ष जुळते.

आता तुझ्या गाइडबद्दल. त्यांच्यावर रागावू नकोस. पेपर लिहिला नाहीस तर तुझी पदवी अडेल हे ते अनुभवाने सांगताहेत, आणि पेपर लिहायचाच आहे. पण हा वेळ फुकट जातो हे मला मान्य नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक दायित्वाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात शास्त्रज्ञाने वर्षाला किमान १० दिवस आपलं ज्ञान समाजापर्यंत न्यायला द्यावेत असं म्हटलंय. तू एक दिवस दिलास. गाइडना ते कागद दाखव, वाद घालू नकोस. आणखी एक: बंब, उफणणी आणि १ जून यांतून जाऊन आलीस की तुझ्या प्रबंधातली भाषाही स्वच्छ होईल. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी ते दरवेळी पाहिलंय.

ज्यांना बोलता येतं त्यांनी बोलावं, असं तू लिहिलंस. पण हे काम वक्त्यांचं कधीच नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वी अल्सीद दॉर्बिन्यी नावाचा फ्रेंच तरुण समुद्राच्या वाळूतले फोरॅमिनिफेरा, म्हणजे एकपेशीय जीवांचे इवलेसे शंख, अभ्यासत होता. हे शंख वाळूच्या कणाएवढे, लोकांना दिसणार कसे? त्याने ते मोठे करून दगडात कोरले, प्लास्टरमध्ये शंभर नमुने ओतले आणि विकायला ठेवले. आज त्याच शंखांवरून जुने समुद्र किती उबदार होते ते शोधतात, गोव्यातही हे काम चालतं. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बीरबल साहनी यांनी लखनौच्या आपल्या संशोधन संस्थेची कोनशिला बसवली, ३ एप्रिल १९४९ ला, नेहरूंच्या हस्ते. ती शिलाच त्यांनी देशोदेशींचे जीवाश्म बसवून तयार केली होती. साहनी त्यानंतर आठवड्याभरातच गेले. ती शिला आजही काय सांगायचं ते सांगते. आणि आपले जयंत नारळीकर. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून सही करून पाठवीन. तेही तू करू शकतेस. चाळीस कोरी पोस्टकार्डं शाळेत ठेवून ये. गर्दीत हात वर करायला घाबरणारी मुलं कार्डावर लिहितात.

पुढच्या वेळी एकटीच बोलू नकोस. शाळेतल्या विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांना आदल्या दिवशी तासभर भेट, खपल्या, भिंग, सुतळी, आलेख कागद सगळं त्यांच्या हातात दे आणि येताना तिथेच ठेवून ये. तू वर्षातून एकदा जाशील, ते रोज तिथे असतात. लाकडाच्या वखारीतून सागाची एक आडवी कापलेली चकती मिळाली तर तीही घे. पॉलिशकागदाने घासून ओल्या फडक्याने पुसली की वर्षावर्षाची वलयं उठून दिसतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवरूनच जुन्या मॉन्सूनचा माग काढलाय. बाभूळ-आंब्याची चकती मात्र नेऊ नकोस, त्यांची वलयं अशी नीट वाचता येत नाहीत आणि मुलांचा विरस होतो.

आणि ती सहावीतली मुलगी. तिला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. सगळ्या सभेत गुहेचा विचार फक्त तिने केला. तिला खरं तेच सांग. नाही, तो परत येत नाही, आपल्या कुणाच्या आयुष्यात तर नाहीच. वीतभर स्तंभ पुन्हा व्हायला दोन हजार वर्षं लागतील, तीही थेंब त्याच जागी पडत राहिला तर. म्हणून काही संशोधक आधीच मोडून पडलेले तुकडे उचलतात, काही जण पेन्सिलीएवढी बारीक कांडी कोरून घेतात आणि उरलेला स्तंभ तसाच राहू देतात, काही ठिकाणी नेलेल्या स्तंभाच्या जागी हुबेहूब नमुना बसवतात. तुझा दगड कसा आला, कुणाची परवानगी घेतली, कापण्याआधी तुम्ही आपसांत काय बोललात, तेही सांग. त्यात तुला काही खटकलं असेल तर तेही सांग, ती समजून घेईल. तुझ्या प्रयोगशाळेत कापून उरलेला एखादा चतकोर तुकडा असेल आणि संस्थेने परवानगी दिली, तर तो बरोबर ने आणि तिच्या तळहातावर ठेव. भिंगही दे. कडेने थर मोजायला सांग, आणि ती मोजत असताना मध्ये बोलू नकोस.

तुझी,
बाई